उजव्या हाताला शहर

"डावीकडसून," आबा म्हणाले.

"उजवीकडून, आबा. हा बघा नकाशा. बंदर, मग बाजार, मग गल्ल्या. सगळे असेच जातात."

"सगळ्यांका जावंदे. आपण डाव्या अंगान जावया. शहर उजव्या हाताक व्हया."

कादिझच्या जुन्या वेशीखाली आम्ही दोघं उभे होतो, सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बापलेकीचं पहिलं भांडण तिथल्या तिथे सुरू झालं होतं. ती वेस म्हणजे एक जाडजूड दगडी भिंत, तिच्यात कमानी आणि वर बुरूज. पलीकडे जुनं शहर, आणि शहराच्या उरलेल्या सगळ्या बाजूंना अटलांटिक. जमिनीने आत शिरायचा मार्ग हा एवढाच. आदल्या रात्रीपासून पूर्वेचा उबदार वारा सुटला होता आणि त्याने हवेत असा काही धुरकटपणा आणला होता की बुरुजाच्या वरचा भाग कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, ते सांगता येत नव्हतं.

मी नकाशाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी परक्या देशात रस्त्यावर उभं राहून किती वाद घालायचा?

ही गोष्ट दोन हजार नऊ सालच्या ऑक्टोबरातली. मी रत्नागिरीच्या मत्स्य संशोधन केंद्रात नोकरीला होते आणि दहा महिन्यांच्या अभ्यासवृत्तीवर सेव्हिलला आले होते. मला येऊन चार महिने होतात न होतात तोच मालवणजवळच्या आमच्या देवबागहून आबांचा फोन आला, की मी येतो, माझा पासपोर्ट अजून चालतो. जन्मात कधी माझ्याकडे चार दिवस राहायला न आलेला माणूस! मला वाटलं, म्हातारपणी मुलीची माया आली असेल. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हयसून कादी किती लांब?" कादिझला तिथले लोक कादी म्हणतात, हे मला स्पेनमध्ये गेल्यावर कळलं होतं. आबांना ते एकतीस वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. खलाशी म्हणून बोटीवर होते तेव्हा त्यांची बोट दुरुस्तीसाठी साडेतीन महिने इथल्या गोदीत पडून होती.

आणि त्याच साडेतीन महिन्यांत माझी आई गेली.

मी नऊ वर्षांची होते. आबा आले नाहीत. पंधराव्या दिवशी नाही, महिन्याने नाही. ते आले ते बोटीवरचा करार संपल्यावर, पाच महिन्यांनी, आणि तोवर दत्तूमामाने मला कोल्हापूरला नेऊन शाळेत घातलं होतं. मी तिथेच वाढले. माझी मालवणी गेली, मासे खायची सवय तेवढी राहिली. बापाला मी 'तू' म्हणायचे ती 'तुम्ही' म्हणायला लागले. कंपनीने तिकीट काढून दिलं असतं, हे मामा कुणाला तरी सांगत होता ते मी पडद्याआडून ऐकलं होतं. ते एक वाक्य मी एकतीस वर्षं जपून ठेवलं होतं. मला त्यांचा राग होता, सरळ सांगायचं तर. रोजचा नव्हे, सणासुदीला वर येणारा.

रविवारी आबांचं परतीचं विमान होतं. त्यांचं हृदय पुन्हा एवढा प्रवास करू देणार नव्हतं आणि देवबागच्या घरात मी हा विषय कधी काढू शकले नव्हते. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, की आज या शहरात चालता चालता विचारायचंच. तुम्ही का आला नाहीत? उत्तर मिळालं तर बरं. नाही मिळालं तर मग दर दिवाळीला फोन करायचं हे नाटकही बंद करायचं.

तर आम्ही डावीकडून निघालो.

दक्षिणेचा तो रस्ता समुद्राच्या कठड्याला धरून जातो. खाली पाण्यात काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे टाकलेले, त्यांच्या फटींत मांजरं राहतात. दहावीस तरी असतील. लाटा आपटत होत्या आणि ती ऊन खात बसली होती. उजव्या हाताला रंग उडालेली उंच घरं, गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, आणि त्यांच्यावर मधूनच एखादा मनोरा. पूर्वीचे व्यापारी आपापल्या गच्चीवर असे मनोरे बांधत, आपलं जहाज येताना सर्वांआधी आपल्याला दिसावं म्हणून. धुरकट हवेत ते मनोरे तरंगल्यासारखे वाटत होते. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं, की आम्ही जागेवरच आहोत आणि शहरच आमच्या शेजारून हळूहळू सरकतंय, बंदर सोडताना धक्का सरकतो तसं.

"देवबागच हा," आबा म्हणाले. "हयसून दर्या, थयसून दर्या, मधी माणसांनी घरा बांधल्यानी. एकच रस्तो. समुद्रान मनात आणल्यान तर एका सकाळी काय एक शिल्लक रवाचा नाय."

"आणलं तर नाही अजून. तीन हजार वर्षं झाली म्हणतात."

"मगे तेका ह्या शहर आवडत असात."

आबा चांगले चालत होते. पाठ ताठ, हात मागे बांधलेले, नजर पुढे. डाव्या गुडघ्यात थोडं लचकत होते, पण थांबत नव्हते. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, आणि इस्त्री माझ्याकडून नव्हे, स्वतः पहाटे उठून केली होती. फिरायला निघालेला माणूस असा तयार होत नाही, हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं.

कॅथेड्रलचा पिवळा घुमट दिसला तसं मी म्हटलं, "चला, आतून बघू. खाली तळघर आहे, तिथे उभं राहिलं की समुद्राचा आवाज ऐकू येतो म्हणे."

"तू जाऊन ये."

"इतक्या लांब येऊन देऊळ बघायचं नाही?"

"माका कडेन चलूचा आसा. आत नको."

मी रागाने एकटी गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तर आबा मी सोडलं होतं त्याच फरशीवर उभे. तीन पावलांवर बाक रिकामा होता.

"बसायचं की!"

"नाय. बसाचा नाय."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलंय," ते म्हणाले आणि चालायला लागले. म्हाताऱ्या माणसांची एक एक खुळं असतात, मी मनात म्हटलं, आणि माझा बाप तर तरुणपणापासून सराव करतोय.

कठडा वळला तिथे वारा एकदम पडला. मी दोनदा घसा साफ केला. "आबा, मला एक विचारायचंय."

"ईचार."

आणि माझ्या तोंडून निघालं, "इथे तेव्हा मासे कुठले मिळायचे?"

पुढची दहा मिनिटं आबांनी मला तारलं, सौंदाळे आणि बांगड्याच्या इथल्या भावंडांबद्दल सांगितलं. मत्स्यशास्त्रात पीएचडी केलेल्या बाईला! मी हूं हूं करत राहिले आणि स्वतःवर चडफडत राहिले.

पश्चिमेच्या टोकाला ला कालेता नावाचा छोटा किनारा आहे. दोन बाजूंना दोन जुने किल्ले, मधे वाळूचा अर्धा चंद्र, त्यात पांढऱ्या खांबांची एक जुनी इमारत पाण्यावर पाय टेकून उभी. भरती उतरत होती. लाल-निळ्या होड्या ओल्या वाळूत कलंडून पडल्या होत्या. उन्हाचा रंग दुधात केशर पडल्यासारखा झाला होता. खूप माणसं होती, तरी आवाज असा नव्हता. सगळे पाण्याकडे तोंड करून बसले होते.

तिथे एका खिडकीवजा दुकानात एक जाडजूड बाई बारीक कोळंबीची भजी तळत होती. वास थेट आमच्या जवळ्याच्या भज्यांचा. मी दोन पुडे घेतले आणि एक आबांपुढे धरला. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"नको?" मी उडालेच. मासळी नाकारणारे आबा मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

"आज वशाट नको."

बाईला शब्द कळले नाहीत तरी नकार कळला. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "काय झालं बाबांना? माझं तेल वाईट आहे?"

आबांनी आपल्या बंदरी स्पॅनिशमध्ये तिला सांगितलं, की तेल उत्तम आहे, भजी त्याहून उत्तम आहेत, आणि दोष आपल्या वाराचा आहे. बाई खूश झाली. "पहिल्यांदाच आलात का कादीला?"

आबांनी हाताची पाच बोटं वर केली. "पाचवी."

"अरे वा! मग तुम्ही आमचेच."

वाटेला लागल्यावर मी म्हटलं, "पाचवी कसली? एकदाच तर आला होता तुम्ही."

"तुका काय म्हायत," आबा म्हणाले. मी दोन्ही पुडे एकटीने संपवले.

तिथून पुढे शहर उत्तरेला वळतं. किल्ल्याच्या भिंतीखालून, मग एका बागेतून रस्ता जातो. बागेतली झाडं शंकूच्या आणि चेंडूच्या आकारात कापलेली. एक म्हातारी बाई जोडी-जोडीने चाललेली कबुतरं बघत हसत होती. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा तोंडं खाली करून जमिनीत पुरलेल्या, घरांचे कोपरे गाड्यांनी फुटू नयेत म्हणून. आबा जाता जाता प्रत्येक तोफेला हात लावत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं तोफा मोजतायत. दुपार झाली होती, दुकानं मिटली होती, गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे तेवढे हलत होते. त्या सुस्तीत माझा रागही पेंगुळला. या माणसाशी आपलं काय भांडण होतं, ते आठवायला प्रयत्न करावा लागत होता.

मग आम्ही खाडीकाठच्या त्या जुन्या बागवजा फिरण्याच्या रस्त्यावर आलो. तिथे वडाच्या जातीची दोन अवाढव्य झाडं आहेत. वडासारख्याच आडव्या फांद्या, पण इतक्या लांब की त्यांना टेकू दिलेत, आणि काही कठड्यावरून थेट पाण्यावर गेल्यात. खाली चिनीमातीच्या रंगीत फरशांचे बाक. पहिल्या झाडाखाली आबा थांबले. बुंध्याला हात लावला. आणि त्या दिवसात पहिल्यांदा खाली बसले.

"गुडघा?" मी विचारलं.

"नाय. हयसरच."

"हयसर काय?"

ते पाण्याकडे बघत राहिले. पलीकडच्या किनाऱ्यावरची गावं धुक्यात होती, नसल्यासारखी. मी शेजारी बसले. मला वाटतं त्या वेळी मी विचारलं नसतं तर परत कधीच विचारलं नसतं.

"आबा, आई गेली तेव्हा तुम्ही का आला नाहीत?"

त्यांनी दचकायला हवं होतं. ते दचकले नाहीत. कुणीतरी वेळेवर आलं अशी त्यांनी मान हलवली.

"सकाळी तार इली," ते म्हणाले. "कंपनीच्या मुंबयच्या हापिसातसून एजंटाक, एजंटाकडसून बोटीर. कप्तान भलो माणूस. म्हणालो, सांजची माद्रिदची गाडी आसा, थयसून इमान. एजंटाचो माणूस तुका गाडीत बसवतलो. सामान भर. मी सामान भरलंय. मगे गोदीच्या भायर इलंय, जरा वारो घेवक. आणि चलूक लागलंय."

"कुठे?"

"हय. आज चललंव तसा. शहर उजव्या हाताक ठेवन. वेशीकडसून वेशीकडे एक फेरी. पाच घालतंय म्हटलंय. देवळाक घालतंव तशी. देव हयसरचो कोण, माका म्हायत नाय. पण जागेचो कोणतरी असतलोच. तेका म्हटलंय, बाबा, माज्या बायलेक सांभाळ, तुज्या गावाक मी पाच प्रदक्षिणा घालतंय. उपाशी, न बसता."

सकाळपासूनचं डावं-उजवं, बाक, भजी, सगळं एकेक करून आपल्या जागेवर जाऊन बसत होतं.

"चार झाल्यो. पाचवेत हयसर इलंय, नि ह्या झाडाकडे एजंटाच्या माणसान माका गाठल्यान. धा ठिकाणी सोदून इल्लो बिचारो. हाताक धरून ओढूक लागलो. गाडी, गाडी! मी म्हटलंय, अर्धी फेरी रवली. तेका खंय कळता! मी झाडाक मिठी मारलंय, गो. खरा सांगतंय. तो ओढता, मी सोडना नाय. माणसा जमली. शेवटी तो रडकुंडीक येवन गेलो. गाडी गेली. नि मगे ती अर्धी फेरीय माज्यान होवक नाय. हयच बसान रवलंय. दुसऱ्या दिसा दुसरी तार."

एवढं सांगून ते थांबले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, कारण मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं.

मालवणचं पोस्ट. दत्तूमामाने मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं. घरी माणसं जमलेली, मुलीला तिथून जरा हलवावं म्हणून. आईची कावीळ डोक्यात गेली होती आणि त्या पहाटे ती गेली होती. तारमास्तरांनी कागद घेऊन मोठ्याने वाचलं: वत्सला सिरियस. स्टार्ट इमिजिएटली. मी मामाला विचारलं, सिरियस म्हणजे काय. खूप आजारी, मामा म्हणाला. मी म्हटलं, पण आई तर मेली ना? तारमास्तरांनी मान खाली घातली. मामा म्हणाला, "तारेत तसा लिवत नाय, बाय. लांबचो माणूस आसा. वाटेत तेका कोण सावरतलो?"

त्या काळी सगळेच तसं लिहीत. माणूस गेल्यावरच 'सिरियस' म्हणायचं. मरणाची तार मागाहून जायची.

म्हणजे पहिली फेरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच आई गेली होती. हा माणूस उपाशीपोटी ज्या बाईसाठी शहराभोवती चालत होता, ती देवबागच्या किनाऱ्यावर जळून गेली होती. आणि एकतीस वर्षं याच्या डोक्यात ती अर्धी फेरी राहिलेली. ती पुरी केली असती तर, असं याला वाटत असणार. सांगावं? सांगितलं तर त्या अर्ध्या फेरीच्या बोज्यातून सुटेल. पण मग त्या चार फेऱ्याही जातील. राग तर कुठच्या कुठे गेला होता. मला फक्त त्यांची दया येत होती, आणि बापाची दया येणं रागापेक्षा वाईट.

शेवटी मी सांगितलं. त्यांचा हात हातात घेऊन, शक्य तितकं हळू. "आबा, त्या अर्ध्या फेरीने काही झालं नसतं. पहिली तार केली तेव्हाच आई गेलेली होती. मी होते मामाबरोबर पोस्टात."

आबांनी हात सोडवला नाही.

"ता माका म्हायत होता," ते म्हणाले.

"काय?"

"बोटीर सगळ्यांकच म्हायत असता. सिरियस म्हणान तार इली काय काय समजाचा ता. त्या दिसा सकाळी कुकान सगळ्यांच्या ताटात मासो वाढल्यान. माज्या ताटात वाढूक नाय. भात नि डाळ. माज्याकडे बघूकय नाय. मी थयच समजलंय."

"मग? मग फेऱ्या कुणासाठी घातल्या?"

"चलत्या माणसाक तार कशी देतले? बसलंय असतंय तर हातात देतले. चलत होतंय तवसर कोण माका काय सांगूक शकत नाय होतो."

वारा पुन्हा सुटला. झाडाची पानं वाजायला लागली. मी त्यांचा हात सोडून दिला. दया संपली. म्हणजे याला माहीत होतं! सगळं माहीत होतं, सामान भरलेलं होतं, गाडी उभी होती, आणि हा झाडाला मिठी मारून बसला.

"आणि मी?" मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या बाकावरची माणसं वळली. "मेलेल्या माणसाभोवती फिरत होता तुम्ही. मी? मी जिती होतंय, आबा! मी जिती होतंय थय! तू येशीत म्हणान रोज जेटीर जावन बसलंय मी. मामा ओढून नेय तवसर. तुका एकदाय वाटला नाय, घराकडे एक चेडू आसा?"

कोल्हापुरात चार वर्षांत विसरलेली भाषा कुठून आली ठाऊक नाही. आली, आणि मोडकीतोडकी का होईना, थांबेना.

आबा ऐकत राहिले. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"तुज्याच भियान येवक नाय मी," ते म्हणाले.

"माझ्या?"

"बायल मेली ता मी कसाय सोसलंय असतंय. दर्यार ऱ्हवणाऱ्याक सवय असता, आज नाय तर उद्या कोणतरी जाता. पण मी घरात पाय ठेवलंय असतंय नि तू माका ईचारलं असतंस, आबा, आई खंय? तर मी काय सांगूचा होता? तेका उत्तर नाय होता माज्याकडे. नव वर्साच्या चेडवाच्या एका प्रश्नाक भियालंय मी. पाच म्हयन्यांनी इलंय तेव्हा तू ईचारलंच नाय. मामाच्या पाठी उभी रवलंस नि माका म्हणालंस, तुम्ही कसे आहात." त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तुम्ही कसे आहात! सायबाक ईचारतत तसा."

खाडीतून एक पांढरी फेरीबोट गेली आणि तिच्या लाटा बऱ्याच वेळाने कठड्याला येऊन लागल्या. उन्हं उतरायला लागली होती.

मग आबाच उठले. "अर्धी रवली हा. एकट्यान जमाची नाय म्हणान तुका आणलंय. येतंस?"

मी हो म्हटलं नाही. उठले आणि चालायला लागले.

तटबंदीवरून आम्ही गेलो, गोदामांच्या कडेने गेलो, बंदराच्या जाळीला धरून गेलो. आबांचा गुडघा आता खरंच दुखत होता. ते माझ्या खांद्याला धरून चालत होते, आणि त्यांचं वजन किती कमी झालंय ते मला कळत होतं. धुरकट हवेत संध्याकाळ मिसळली होती. उजव्या हाताला शहर, गॅलऱ्या, दिवे लागायच्या आधीची निळी खिडक्या-दारं, आणि आत कुठेतरी कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं. बोटी मधूनच भोंगे देत होत्या. मला माझे पाय जमिनीला लागतायत असं वाटत नव्हतं. मी चाळीस वर्षांची होते, नोकरीची, दोन मुलांची आई, पण त्या अर्ध्या तासात ते सगळं कुणा दुसऱ्या बाईचं असावं तसं लांब राहिलं होतं.

वेस दिसली. कमानीखालून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जात-येत होते. सकाळी जिथून निघालो होतो ती जागा वीसेक पावलांवर राहिली, तसे आबा थांबले. त्यांचे पाय उचलेनात. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, छातीत दुखतंय.

पण दुखत नव्हतं. ते घाबरले होते. फेरी संपली की पुढे चालायला काही उरणार नव्हतं.

आज आबा जाऊन आठ वर्षं झाली. त्या क्षणी मला ते सुचलं कसं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माफी दिल्यासारखं बोलायला मला जमलं नसतं, आणि ते खरंही झालं नसतं. मी फक्त त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि मागे मागे पावलं टाकत त्यांना ओढायला लागले. एक, दोन, तीन. ते येत गेले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. कमानीच्या सावलीत आम्ही पोचलो, फेरी पुरी झाली, आणि मी मान वर करून विचारलं.

"आबा, आई खंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातून आपला उजवा हात काढून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"गेली गो, बाय," आबा म्हणाले. "आवस गेली तुजी."

आणि मी, तेव्हा न रडलेली मी, त्या परक्या गावच्या वेशीत, भाजी घेऊन घरी जाणाऱ्या माणसांच्या देखत, त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून मोठ्याने रडायला लागले.